पाहुणीला दिलेलं पाणी

मी एक जुनी ब्युरेट आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. अंगावर आकडे कोरलेली काचेची उंच नळी आणि तळाशी एक तोटी, एवढाच माझा पसारा. वरून द्रावण भरायचं आणि तोटीतून ते थेंबाथेंबाने खाली सोडायचं, हे माझं काम. मुक्काम बीडच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या काचकारखान्यात झाला. तिथून गवतात गुंडाळून, आधी रेल्वेने आणि मग एसटीच्या टपावर हादरे खात मी इथे आले. सोबतच्या दोघी वाटेतच फुटल्या. मी टिकले, आणि त्याचा मला अजून तोरा आहे. कितीतरी मुलं माझ्यासमोर वाकून, एक डोळा मिटून आकडे वाचायला शिकली. परीक्षेच्या दिवसांत तर माझ्यासाठी भांडणं व्हायची. पुढे डिजिटल मीटर आलं. बटण दाबलं की आकडा हजर! मग मला कपाटात आडवं टाकून दिलं. तिथेच माझ्या टोकाचा टवका उडाला, पण कुणाच्या लक्षातही आलं नाही. वाईट वाटलं हो, खोटं कशाला सांगू?

मला पुन्हा बाहेर काढलं मंजुषा मॅडमनी. संशोधन कसं आखावं आणि ते करताना प्रामाणिक कसं राहावं, हा विषय त्या एम.एस्सी.च्या मुलांना शिकवतात. मुलांना तो पाठांतराचा वाटतो. पण मॅडमचा एक नियम आहे. निष्कर्ष बाहेर मांडण्याआधी एक तरी नमुना सगळ्या वर्गासमोर हाताने तपासायचा, आणि तो कसा आणला तेही सांगायचं. या तपासणीसाठी त्यांना मीच लागते.

यंदा पाळी आली सत्यशीलाची. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. घरात एवढी शिकलेली ती पहिलीच. युसूफ वडगावजवळच्या एका वस्तीतलं बोअरचं पाणी तिने तपासलं होतं. त्या वस्तीत मुतखड्याचं दुखणं घरोघरी आहे. पाण्यात क्षार फार आहेत असा अहवाल आला, तर ग्रामपंचायत तिथे शुद्धीकरणाचं यंत्र बसवणार होती. नाहीतर ते यंत्र दुसरीकडे जाणार होतं. मीटरने सांगितलं, पाणी उत्तम आहे. या संशोधनाची माहिती मांडणारं सत्यशीलाचं पोस्टर विद्यापीठाच्या परिषदेसाठी निवडलं गेलं. तिच्या मामाने तर बसथांब्यावर तिच्या अभिनंदनाचा भलामोठा फ्लेक्स लावून टाकला.

वर्गासमोरच्या तपासणीच्या दिवशी तिने काचेच्या चंबूत नमुन्याचं पाणी घेतलं. रंग टाकल्यावर ते गुलाबी झालं. पाण्यात क्षार जितके जास्त, तितके माझे थेंब जास्त लागतात, आणि मग ते निळं होतं. सत्यशीलाने माझी तोटी सोडली. चार थेंब पडले नाहीत तोच पाणी निळं! मुलांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम मात्र चंबूकडेच बघत राहिल्या.

"वस्तीत एवढा मुतखडा, आणि पाणी असं?" त्या म्हणाल्या. "ही बाटली कुणाच्या घरची?"

"चंद्रभागाबाईंच्या."

"त्यांनी भरली तेव्हा तू कुठे होतीस?"

"ओसरीवर, मॅडम. चहा दिलता त्यांनी. बाटली त्यांनीच आतून भरून आणली."

"लाव त्यांना फोन."

फोनवर चंद्रभागाबाईंचा खणखणीत आवाज आला. "बोल गं लेकरा."

"काकू, ते पाणी बोअरचंच होतं ना?"

"बोअरचं? आगं, पाव्हण्या लेकीला ते मचूळ पाणी कावून देईन मी? जारचं दिलं, इकतचं. समद्या बायांना म्या सांगितलं, लेक बीडवरून आलीय, चांगलं पाणी द्या."

वर्ग खो खो हसला. मग एकेकाला उमगत गेलं आणि हसू ओसरलं. वस्तीने पाहुणचार केला होता, आणि त्या पाहुणचारापायी त्यांचं यंत्र हातचं जाणार होतं. बिचाऱ्या मीटरचाही दोष नव्हता. बाटलीत जे होतं, तेच त्याने सांगितलं.

"मी नुसतं पाणी मागितलं," सत्यशीला हळूच म्हणाली. "कशाला पाहिजे ते सांगितलंच न्हाई."

तिच्याशेजारचा भागवत कुजबुजला, "पोस्टर छापलंय, फ्लेक्स लागलाय. आता लई खोलात कावून शिरती? कोन बघायला येतंय?"

मला भागवतचा असा राग आला! पण तो बोलला ते बाकीच्यांच्याही मनात होतं. सत्यशीलाने मॅडमकडे पाहिलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "नाव तुझं आहे, पाणी त्यांचं आहे. ठरव."

सत्यशीलाने ओढणीने डोळे पुसले आणि पोस्टर मागे घेत असल्याचं सगळ्यांसमोर परिषदेला कळवलं. मामाने तिच्याशी बोलणं टाकलं. स्वतःच्याच अभिनंदनाच्या फ्लेक्सखालून एसटी पकडून ती पुन्हा वस्तीवर गेली. या वेळी आधी बायांमध्ये बसली. पाणी कशासाठी हवं, त्याचं पुढे काय होणार, ते सांगितलं. त्यांचा होकार घेतला आणि बोअरपाशी उभी राहून स्वतः बाटल्या भरल्या.

मग माझी पाळी आली. थेंबामागून थेंब पडत राहिले, तरी पाणी गुलाबीच. मी रिकामी झाले. मला पुन्हा भरलं. तेव्हा कुठे चंबू निळा झाला. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. सत्यशीलाने तो आकडा दोनदा वाचला आणि खरा अहवाल ग्रामपंचायतीत दिला. यंत्र वस्तीतच बसवायचं ठरलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. माझ्यासारख्या जुन्या काचेला कपाटात आडवं टाकू नका, टवका उडतो. आणि ज्यांच्या दारात जाऊन तुम्ही काही मागता, त्यांना आधी सगळं नीट सांगा. ती माणसं तर काचेहून नाजूक.

परवा सत्यशीला वस्तीवरून दोन बाटल्या घेऊन आली. चंद्रभागाबाईंनी बजावून दिल्या होत्या. "ही बोअरची, तुमच्या त्या नळीला. अन् ही जारची. ही तपासू नको बाई, ही तू पी."