खाटेखालचा ओढा

“वहिनी, ओढा मालिशच्या खाटेखालून नेऊ नकोस हं. पस्तावशील!” नणंदेने बजावलं होतं, तेही वहिनीच्याच पोराला बाथरूममध्ये धरून “शूऽऽ” करता करता.

“तू आधी त्याचं उरक,” म्हणत वहिनीने ते या कानाने ऐकलं नि त्या कानाने सोडून दिलं. उतारावरचा हा स्पा म्हणजे वास्तुविशारद म्हणून तिचं पहिलंच स्वतंत्र काम. इमारतीचं निसर्गाशी नातं हवं, या एका वाक्याने ती झपाटली होती. एकही झाड तोडलं नव्हतं. एक तर व्हरांड्याच्या छपरातून ऐटीत वर गेलं होतं. भिंती तिथल्याच मातीच्या, आणि मालिशच्या खोलीच्या लाकडी जमिनीखालून खळाळता ओढा. शौचालयं मात्र पार दुसऱ्या टोकाला, पाणी नासू नये म्हणून.

चाचणीला मालकीणबाईंनी आपल्या मैत्रिणी बोलावल्या. पाठीवर तेल पडतं न पडतं तोच पहिली उठली. मग दुसरी. बघता बघता सगळ्या टॉवेल सावरत, तेलकट पायांनी घसरत व्हरांड्यातून पळत सुटल्या.

“तुमचं निसर्गाशी नातं म्हणजे नैसर्गिक विधीशी निघालं की हो!” मालकीणबाई कडाडल्या. “उद्या ओढा पाइपात घाला.”

 पाइपात गेला की ओढा संपलाच; मासे, बेडूक, काठचं नेचं, सगळंच.

“आजचा दिवस द्या, बाई.”

“दिला. पण संध्याकाळी मी स्वतः झोपून बघणार.”

पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ती पाण्यात उतरली नि कान देऊन ऐकू लागली. बिचाऱ्या ओढ्याचा दोष नव्हताच. खाटेच्या बरोबर खाली एका उंच दगडावरून पाणी बारीक धारेने पडत होतं. थेट “शूऽऽ”! घरी भरल्या बादलीला पोरगं भीक घालत नाही, पण नळाची बारीक धार सोडली की लगेच कामाला लागतं. पोराच्या आईला हे कळायला इतका वेळ लागावा! तिने चपटे दगड शोधून तिरके रचले. धार मोडली, पाणी पसरलं आणि नुसतं गुणगुणत वाहू लागलं.

संध्याकाळी मालकीणबाई आडव्या झाल्या. जरा वेळाने मालिशवाली हात पुसत बाहेर आली.

“काय म्हणतात?”

“काही नाही. घोरतात.”

ती हरखली. पण मालिशवाली घरी गेली, उजेड सरला, आणि घोरणंही थांबलं. आत चिडीचूप. बाळ झोपलं तरी नाकापुढे बोट धरून श्वास बघणारी ती. तिला कसलं चैन पडतंय? बरं, दार वाजवावं तर झोप मोडल्याच्या रागात बाई ओढा पाइपात घालायच्या. त्यात पाळणाघर बंद व्हायची वेळ झालेली.

तेव्हा मंडळी, ती पोराला घेऊन येईस्तोवर तिचं एवढं काम करा. चपला बाहेर काढा, दार हळूच लोटा, आणि मालकीणबाईंचा श्वास चालू आहे ना, ते बघा. खाट रिकामी दिसली, तर बाई कोणत्या टोकाला गेल्यात, तेवढं तिला कळवा.