एकवीस शेकांनंतर

आमच्या अभ्यासाच्या यादीत एकोणिसावं नाव आहेन सिजोप यांचं होतं. नाकामागच्या कॅन्सरला रेडिएशनचे सगळे शेक मिळाले तर माणूस किती वर्षं काढतो आणि मध्येच सोडले तर किती, हे डॉक्टर टिंगबाईंना मोजायचं होतं. आहेननी पस्तीसपैकी एकवीस शेक घेतले आणि मलेशियातल्या कुचिंगच्या आमच्या इस्पितळात ते पुन्हा फिरकलेच नाहीत. त्याला नऊ वर्षं झाली. फायलीत शेवटची ओळ होती : 'आशा कमी. जेमतेम वर्ष.'

मी संशोधनाची नर्स. असे उपचार सोडून गेलेल्यांच्या घरी जायचं, मृत्यूची तारीख विचारायची, दोन शब्द बोलून परत यायचं, हे माझं काम.

बाऊकडच्या त्यांच्या गावात पोचले तेव्हा ओट्यावर एक म्हातारी चटईवर मिरी पसरत होती. त्यांची बायको, मार्थाआजी.

"आजी, मी इमेल्डा, इस्पितळातून आले. आहेन आजोबा गेले, ती तारीख हवी होती."

"गेले ना. सकाळीच गेले, मळ्यात. येतील जेवायला."

मी कागदावरचं नाव पुन्हा वाचलं. मी काय विचारत होते ते तिच्या ध्यानात आलं तशी ती जोरात ओरडली, "अहो! तुम्ही कधी मेलात म्हणून विचारतेय ही पोरगी!"

मळ्यातून एक काटक म्हातारा पाण्याची बाटली घेऊन आला. दर दोन वाक्यांना एक घोट घेत होता. शेकानं तोंड कोरडं पडतं ते कायमचं.

"कुठली गं तू?"

"सेरियनकडची."

"तरीच. तिकडची बोली म्हणजे तोंडात गरम भात धरून बोलल्यासारखी."

"त्यांना नीट ऐकूच येत नाही," आजी म्हणाली. "मला बरंच पडतं ते."

मी वही उघडली. एकवीस शेकांवर नऊ वर्षं! मग उरलेले चौदा लागतच नाहीत की काय? आजी म्हणाली, डोंगरातलं एक मूळ उकळून दिलं. शेजारीण म्हणाली, चर्चमध्ये नऊ दिवस प्रार्थना केली. आजोबा म्हणाले, "मी तुआक सोडली." आजीनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "म्हणजे, सकाळची सोडली." मी तांदळाच्या दारूसकट सगळं लिहून घेतलं.

मग ते मला मळा दाखवायला घेऊन गेले. पाखरं हुसकायला दोन बुजगावणी उभी होती आणि दोघांच्या तोंडावर जाळीदार प्लॅस्टिकचे मुखवटे होते. शेक देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात ते; आमच्याकडे तेव्हा ते रुग्णाजवळच असायचे. एकाची चौकट पांढरी, त्यावर आमचा नंबर. दुसऱ्याची निळी. तसली चौकट आमच्याकडे कधीच नव्हती.

"हा कुणाचा, आजोबा?"

"माझाच. तिकडे म्हणाले जुना चालत नाही, नवा करा."

"तिकडे कुठे?"

"पिनांगला, समुद्रापलीकडे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पिनांगला कारखान्यात असलेल्या लेकीचं बाळंतपण अडलं म्हणून ते चार दिवसांसाठी गेले होते. तिच्या चिनी घरमालकिणीनं त्यांची भाजून काळी पडलेली मान पाहिली. "उपचार अर्धवट टाकून आलात?" म्हणत तिनं त्यांना तिथल्या इस्पितळात नेऊन बसवलं. चौदाच्या चौदा शेक तिथे झाले. नाव लिहिलं ते बाप्तिस्म्याचं, लायनस. मध्ये खंड पडला तो नऊ दिवसांचा.

"मग आम्हाला का नाही कळवलंत? परत का नाही आलात?"

आजोबांनी घोट घेतला. "तुमच्या त्या चष्मेवाल्या डॉक्टरीण. एक दिवस चुकवलात तर माझ्याकडे येऊ नका, म्हणाल्या होत्या. मी तर चार चुकवणार होतो."

दुसऱ्या दिवशी टिंगबाईंना मी सगळं सांगितलं. पिनांगहून कागद मागवले, ते जुळले. नवलाची केस हातची गेली म्हणून त्या हिरमुसतील असं मला वाटलं होतं. त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

"मी सगळ्यांनाच तसं म्हणायचे, इमेल्डा. त्यांनी चुकवू नये म्हणून."

"त्यांनी ते खरं धरलं."

"आणखी कितीजणांनी धरलं असेल?"

त्या प्रश्नानं आमचं काम बदललं. यादीत आजोबांखेरीज असे सोडून गेलेले सव्वीस जण होते. प्रत्येकाच्या घरी आता मी तारखेआधी विचारू लागले, का सोडलं? कुणाकडे बसभाडं नव्हतं, कुणाला गिळवत नव्हतं. एकोणीस जण खरंच गेले होते. सात जण भेटले, त्यातले दोघं आजोबांसारखेच रागाला भ्यालेले. त्या दोघांची गाठ परत वाढू लागली होती.

त्यांना आणायला टिंगबाई स्वतः गेल्या, मी सोबत होते. पहिल्या घरच्या बाई त्यांना बघताच आत पळाल्या. टिंगबाई चपला काढून ओट्यावर बसल्या आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "रागवायला नाही आले हो. चहा देता का?"

मग आत कपबशा वाजल्या.