पेटीबाहेरचा सूर

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! परीक्षितचं एकही गाणं अजून रेकॉर्ड झालं नव्हतं, पण ‘ग्लोबल आर्टिस्ट’ अशी कार्डं छापून तयार होती. अरबी अल्बमसाठी गायक हवा होता, म्हणून तो अमेरिकेतल्या ट्रॉय गावाहून शेजारच्या डिअरबॉर्न शहरातल्या स्टुडिओत आला, तोही पेटी घेऊन. सोबत बायको नेत्रा, आणि तिच्या मांडीवर चार महिन्यांची सावनी.

संगीतकार नबीलने आपलं तंतुवाद्य छेडलं. त्यातला एक सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे पडत होता.

“वाद्य उतरलंय तुमचं,” म्हणत परीक्षितने पेटीवर सूर धरून दाखवला.

“आमच्याकडे तो सूर तिथंच असतो,” नबील हसला.

“यांना सुरातलं काय कळतंय!” परीक्षित मराठीत पुटपुटला.

नेत्राला शरम वाटली. ज्याला पेटीपलीकडचं ऐकूच येत नाही, तो म्हणे जग जिंकणार! तेवढ्यात सावनी कुरकुरली. तिच्या मऊ पाठीवर थोपटता थोपटता नेत्रा नकळत तोच मधला सूर गुणगुणली. नबीलचा हात थबकला.

“गुरुवारी रेकॉर्डिंगला तुम्ही याल?”

“अहो, ती नुसती अंगाई म्हणते,” परीक्षित मधेच बोलला.

“येईन,” नेत्रा म्हणाली. “सावनीला घेऊन येईन.” मग नवऱ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “पेटी सांभाळायला तू आहेसच घरी.”