अहवालाचं पाचवं पान

झाशीतल्या मराठी घरांत फ्रीज घ्यायचा असो की पोरीला मोबाइल, खिशात हात घालण्याआधी सलीलला विचारायची पद्धतच पडून गेली होती. सलील प्रेम नगरात राहायचा, घरी बसून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करायचा, आणि त्याला वस्तू तोलायचं वेड होतं. एक हेडफोन घ्यायचा तर हा पाच मागवायचा, आठवडाभर आलटून पालटून ऐकायचा, गुण एका रकान्यात, दोष दुसऱ्या रकान्यात, आणि मग चार परत पाठवायचा. त्याची बायको ईशा म्हणायची, "लग्नाआधी माझंही टेबल केलं असशील तू." तो नुसता हसायचा. केलं होतं की नाही, हे त्यानं तिला आजवर सांगितलेलं नाही.

त्या वर्षी गणपतीच्या आधी तोलायची दोन कामं एकदम त्याच्याकडे आली. पहिलं ऑफिसचं. प्रोग्रॅम लिहून देणारं एक नवं एआय साधन कंपनीला घ्यायचं होतं, आणि ते घ्यावं की नाही याचा अहवाल सलीलनं द्यायचा होता. तीन आठवडे त्यानं ते पिळून काढलं. कामाचा वेग वाढतो, कंटाळवाणा भाग मिटतो, चुका लवकर सापडतात, हे सगळं गुणांच्या रकान्यात गेलं. दोषांच्या रकान्यात पहिल्याच ओळीला त्यानं लिहिलं, की हे साधन जे लिहून देतं ते इतकं नीटनेटकं दिसतं की माणूस शेवटपर्यंत वाचायचं सोडून देतो, आणि घात व्हायला न वाचलेली एक ओळ पुरते. साहेबांना ही ओळ फार आवडली. त्यांनी ती अख्ख्या टीमला पाठवली आणि सलील दोन दिवस हवेत होता.

दुसरं काम मराठी मंडळाचं. ऋषिपंचमीला सकाळी मंडळात गाण्याची बैठक होते. मंडळाची सेक्रेटरी चारुता, जी एका शाळेत गाणं शिकवते आणि बैठकीत मुख्य गाते, तिनं सलीलला फोन केला. "भैया, माइक आणि स्पीकर बदलायचे आहेत. आणि ते डिजिटल तानपुरे आले आहेत ना, तेही जरा देखून ठेवा. मुलांच्या रियाजाला कामात येतील."

मुलांच्या रियाजाला, असं ती म्हणाली. कारण बैठकीतला तानपुरा म्हणजे रुक्मिणीआत्या, यात कोणाला कधी शंका नव्हती. आत्या सलीलच्या वडिलांची चुलतबहीण. लक्ष्मी गेटाजवळ दोन खोल्यांत एकटी राहायची. गेली बेचाळीस वर्षं ती गाणाऱ्याच्या मागे, डाव्या हाताला, तानपुरा मांडीशी घेऊन बसत आली होती. ती स्वतः कधी पुढे बसून गायली नाही. गाणारे बदलले, तबलजी बदलले, मंडळाचे अध्यक्ष तर किती झाले, पण ती जागा आत्याची. लहानपणी सलीलला सा लावायला तिनंच शिकवलं होतं. आठवीनंतर त्यानं ते सोडलं, पण आत्यानं त्याला सोडलं नाही. दिवाळीला चकली त्याच्या नावाची वेगळ्या डब्यात असायची.

तोलातोलीची बातमी कानावर गेली तशी आत्यानं त्याला दुपारी बोलावून घेतलं. चहा दिला, दार लोटलं, आणि पदराखालचा उजवा हात बाहेर काढला.

"ही दोन बघ," ती म्हणाली. "पहिलं आणि मधलं. चिमटा काढलास तरी मला कळायचं नाही."

तानपुऱ्याच्या तारा छेडायच्या त्या याच दोन बोटांनी.

"गेल्या वर्षी दोनदा तार चुकली माझी. कोणाला समजलं नाही, पण मला समजलं. तू त्या वाजणाऱ्या तानपुऱ्याच्या डब्यांतला एक माझ्या पाठीमागे ठेव. आवाज अगदी बारीक. म्हणजे माझा हात चुकला तरी चारुताचा सूर उघडा पडणार नाही. एवढं एक वर्ष. पुढल्या वर्षी मी उठेन त्या जागेवरून, पण ते मी सांगेन, माझ्या तोंडानं. तोवर कोणापाशी बोलू नकोस. ईशालाही नको."

"आत्या, तू माझ्यावर सोड," सलील म्हणाला. आणि त्या क्षणी त्याला खरंच तसं वाटत होतं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

खाली येऊन त्यानं स्कूटर सुरू करण्याआधी मोबाइल काढला. जे काही कळलं ते लगेच बोलून नोंदवायचं, ही त्याची सवय. डब्याचा आवाज किती, कुठे ठेवायचा, वायर दिसता कामा नये, आत्याची दोन बोटं बधिर, दोनदा तार चुकली, कुणाला कळू द्यायचं नाही. गुपित विसरू नये म्हणून ते लिहून ठेवणारा माणूस झाशीत तरी दुसरा नसावा.

पुढचा आठवडा त्याचा मजेत गेला. मोबाइलवरचा फुकटचा तानपुरा त्यानं ऐकला, बड़ा बाज़ारातल्या वाद्यांच्या दुकानात जाऊन डब्यासारखा जुना इलेक्ट्रॉनिक तानपुरा ऐकला, आणि तळहाताएवढं एक नवं यंत्र मागवून तेही ऐकलं. या यंत्रात खऱ्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग होतं आणि बॅटरी दहा तास चालायची. दुकानदार मुकेशजी म्हणाले, "सर, गर्मी हो या सीलन, इसका सुर नहीं उतरता." ऊन असो की ओल, सूर उतरत नाही, हेही सलीलनं नोंदवलं.

आता अहवाल लिहायचा, आणि तो मराठीत. इथं गाडं अडलं. सलील मराठी बोलायचा, घरात तीच चालायची, पण शाळा झाली हिंदीत आणि नोकरी इंग्रजीत. मराठीत चार ओळी लिहायच्या म्हणजे त्याला घाम फुटायचा. मग त्यानं ऑफिसचंच साधन उघडलं, सगळ्या नोंदी त्यात ओतल्या आणि सांगितलं, की मंडळासाठी शुद्ध मराठीत अहवाल करून दे. दोन मिनिटांत सहा पानं झाली. काय ती भाषा! निकष, तुलना, शिफारस. सलीलनं पहिली दोन पानं बोट ठेवून ठेवून वाचली, तक्ते पाहिले, मान डोलावली, आणि फाइल मंडळाचे अध्यक्ष विद्याधरकाका यांना पाठवून दिली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मंडळात एक जुना रिवाज आहे. सभेपुढे आलेला कागद, मग तो हिशेबाचा असो की लग्नाच्या आमंत्रणाचा, अध्यक्षांनी उभं राहून मोठ्यानं वाचायचा. अर्ध्या लोकांना आता मराठी वाचता येत नाही, ऐकलेली मात्र सगळ्यांना कळते. विद्याधरकाकांचं वय अठ्ठ्याहत्तर, पण आवाज खणखणीत. त्या रविवारी तीसेक माणसं सतरंजीवर बसली होती. आत्या भिंतीला टेकून बायकांत बसली होती, उजवा हात पदराखाली.

काका वाचत गेले. तक्ते ऐकून लोकांनी माना डोलावल्या. "वा, मराठी तर फार सुरेख लिहिलीस रे," काका मध्येच म्हणाले, आणि सलीलनं ते निमूट घेतलं. चहा आला. काकांनी एक घोट घेतला, पान उलटलं आणि पाचवं पान सुरू केलं.

"गरजेची पार्श्वभूमी. सध्याच्या तानपुरावादक श्रीमती रुक्मिणीबाई, वय एकाहत्तर, यांच्या उजव्या हाताची दोन बोटे बधिर झाली असून गतवर्षीच्या बैठकीत त्यांची तार दोन वेळा चुकली होती. सबब त्यांच्या पाठीमागे यंत्र लपवून ठेवण्याची योजना आहे. सदर बाब कोणासही कळू नये अशी त्यांची विनंती आहे."

काकांची जीभ डोक्याच्या पुढे धावायची. काय वाचलं हे त्यांना वाचून झाल्यावर कळलं. ते कागद धरून तसेच उभे राहिले.

धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, सलीलला तेवढंही नको होतं, त्याला फक्त ती तीन वाक्यं परत हवी होती. कोणीच आत्याकडे पाहत नव्हतं, आणि ते न पाहणं फार मोठं दिसत होतं. तेवढ्यात त्याच्या तोंडून निघालं, "ते... ते मी नाही लिहिलं. कंप्यूटरनं लिहिलं आहे."

आत्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग ती काकांना म्हणाली, "काका, पुढे वाचा. सहावं पान राहिलं."

सहाव्या पानावर शिफारस होती. यंत्र सर्व निकषांवर सरस. काकांनी ती अगदी हळू वाचली.

त्यानंतर जे झालं ते फार चांगलं झालं, आणि म्हणूनच सोसवेना. कोणी हसलं नाही, कोणी कुजबुजलं नाही. खजिनदार रघुनाथजी म्हणाले, "आत्याबाई, बयालीस साल कम नहीं होते. आता आराम करा." चारुता डोळे पुसत म्हणाली, की बैठकीतच आत्यांचा सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ. लपवाछपवी कशाला, यंत्रच समोर ठेवू, असं सगळ्यांचं पाच मिनिटांत ठरलं. आत्या "बरं" म्हणाली. पुढल्या वर्षी तिनं स्वतः जे सांगायचं ठरवलं होतं, ते एक वर्ष आधीच तीस माणसांनी तिला सांगून टाकलं.

सलील तिच्याकडे गेला नाही. म्हणजे दोनदा निघाला. दोन्ही वेळा लक्ष्मी गेटापर्यंत स्कूटर नेली आणि पेट्रोल भरायचं आठवल्यासारखं करून वळवली. ईशानं विचारलं, "एवढं मनाला का लावून घेतोस? मुद्दाम थोडंच केलंस?" मुद्दाम केलं असतं तर निदान आपण दुष्ट आहोत एवढं तरी कळलं असतं, असं त्याच्या मनात आलं. हा नुसता आळस होता. चार पानं वाचायला फार तर अर्धा तास लागला असता.

ऋषिपंचमीला सकाळी आठला बैठक सुरू झाली. यंत्र कोण सांभाळणार, तर सलील. दुसऱ्या कोणाला त्यातलं काय कळतंय? म्हणून त्याला चारुताच्या मागे, डाव्या हाताला बसवलं. आत्याच्या जागेवर. आत्या समोर पहिल्या रांगेत होती, सत्काराची माणसं बसतात तिथं.

यंत्रानं काही चूक करावी, एवढीच प्रार्थना तो गणपतीपुढे करत होता. सूर थोडा हलावा, बॅटरी संपावी, काहीही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एखाद्या वस्तूत दोष निघावा म्हणून देव पाण्यात ठेवले होते. पण यंत्र हलायला तयार नव्हतं. साडेनऊला लाइट गेली. पंखे थांबले, माइक बंद पडला, आणि त्या शांततेत तळहाताएवढा तो डबा आपला एकसारखा वाजत राहिला. चारुता माइकवाचून गात राहिली, आणि गेल्या वर्षीपेक्षा बरीच चांगली गायली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यातल्या काही डब्यासाठी होत्या. बॅटरी हा गुण सलीलनंच तक्त्यात लिहिला होता. मेल्याहून मेल्यासारखं होऊन तो बटणावर बोट ठेवून बसला.

समोर आत्या डोळे मिटून ऐकत होती. तिचा उजवा हात आता पदराखाली नव्हता. मांडीवर उघडा होता आणि ती दोन बोटं सावकाश हलत होती, प, सा, सा, सा. चौथ्या तारेला पहिलं बोट मागे राहत होतं. या दिवसापुरतं कोणी ते पाहू नये, एवढंच तिनं मागितलं होतं. आता ते कोणीही पाहू शकत होतं.

सत्कार झाला, प्रसाद झाला. "मशीन एकदम बढ़िया निवडलंस," तीन-चार जणांनी सलीलच्या पाठीवर थाप मारून सांगितलं. अकराच्या उन्हात आत्या दाराशी ई-रिक्शात चढायला उभी होती, खांद्यावर शाल, डाव्या हातात पिशवी, उजव्या हातानं छातीशी धरलेला नारळ. सलील धावत गेला. बारा दिवस जुळवून ठेवलेलं त्यानं एका दमात सांगून टाकलं. की नोंदी त्याच्या होत्या पण वाक्यं त्याची नव्हती, की साधनाला गोपनीय म्हणजे काय ते कळत नाही, की ऑफिसातही लोकांचं असं होतं, की त्यानं स्वतःच याबद्दल लिहिलं होतं.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी मशीनला काही सांगितलं नव्हतं रे," ती म्हणाली. "तुला सांगितलं होतं."

मग ती रिक्शाकडे वळली. पायरी उंच होती. नारळ तिच्या हातातून निसटायला लागला, तसा सलीलनं हात पुढे केला. आत्यानं तो हात पाहिला, आणि त्याच्यावरून नजर काढून रिक्शावाल्याला म्हणाली, "भैया, ज़रा ये नारियल पकड़ लीजिए. मेरी उँगलियाँ काम नहीं करतीं."

रिक्शावाल्यानं उतरून नारळ घेतला, तिला आधार देऊन बसवलं आणि गाडी लक्ष्मी गेटाकडे वळवली. सलीलचा हात अजून पुढेच होता. आतून चारुता हाक मारत होती, की भैया, मशीन तसंच चालू राहिलं आहे, येऊन बंद करा.