आपल्याच दाराची बेल

देवा, तू अंग काढून घेतोस, हा तुझ्यावरचा आरोप आहे. तुझ्याविरुद्ध केलेलं पाप तू एका उपासाच्या दिवसात धुऊन टाकतोस. प्रार्थना चुकली, शब्बाथला, शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, काम केलं, तुझं नाव उगीच तोंडात घेतलं, सगळं माफ. मोठं मन आहे तुझं, वा! पण माणसानं माणसाचं वाटोळं केलं की तिथे तू हात वर करतोस. म्हणतोस, ते तुमचं तुम्ही बघा, आधी त्याच्या दारात जा, तो माफ म्हणाला तर मग माझ्याकडे ये. या खिडकीवरून त्या खिडकीवर. त्यांचा कागद आणा, मग पाहू. हे एखाद्या कारकुनाला शोभलं असतं. तुला शोभत नाही.

आणि असं हेलपाटे घालायला लावलंस कुणाला, तर धाकटीला.

धाकटी एकावन्न वर्षांची होती. तरी तिला सगळे धाकटीच म्हणत, कारण तिच्या वर ताई होती आणि दोघी एकाच घरात राहत होत्या. धाकटी चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात होती. दिवसभर तिच्यासमोरून प्लॅस्टिकचे ट्रे सरकायचे. प्रत्येक ट्रेमध्ये दोन काचा आणि एक चिठ्ठी, चिठ्ठीवर डोळ्याचा नंबर आणि गिऱ्हाइकाचं नाव. नंबर वाचायचा, काच यंत्राला लावायची, घासायची, धुवायची, उजेडाला धरून बघायची. नावं ती वाचत नसे. नावाला काच घासावी लागत नाही.

ज्यूंच्या नव्या वर्षाआधीचा तो महिना लागला होता. या महिन्यात रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, एडक्याचं शिंग फुंकतात. झोपलेल्यांनो उठा, काय करून बसलात ते बघा, परत फिरा, असा त्याचा अर्थ. फुंकायचं काम घसाकाकांकडे. बारा महिने गळ्याला मफलर आणि प्रत्येक वाक्याआधी खाकरणं, म्हणून घसाकाका. प्रार्थनाही तेच सांगत आणि नियमही तेच. धाकटी रोज कामावर जाताना शिंग ऐकायची आणि डबा काखोटीला मारून निघायची. बस चुकू नये एवढंच मनात.

महिन्याच्या चौथ्या दिवशी एका ट्रेमधल्या चिठ्ठीवरचं नाव तिनं वाचलं. का वाचलं, देव जाणे. म्हणजे तूच. नाव ओळखीचं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी या माणसाचं ताईशी जमत आलं होतं. तो नकाशे काढण्याच्या कचेरीत होता, घरी दोनदा येऊन गेला होता. मग त्याची आत्या एका शनिवारी सिनेगॉगच्या अंगणात धाकटीला गाठून म्हणाली, "मुलगी कशी आहे ग, खरं सांग." तेव्हा तेवीस वर्षांची धाकटी म्हणाली, "ताई ना? सोन्यासारखी आहे हो. ते झटके येतात तेवढे सोडले तर."

ताईला झटके येत नव्हते. कधीच आले नव्हते. पण आई गेलेली, वडिलांच्या पायातली ताकद गेलेली, आणि ताई सासरी गेली असती तर त्यांना उचलणं, बसवणं, धुणं धाकटीच्या गळ्यात आलं असतं. एवढं साधं कारण. पंधरा दिवसांत निरोप आला, जमत नाही. कारण कुणी सांगितलं नाही, तेव्हा ताईनंच स्वतःपुरतं शोधून काढलं. दुसऱ्या भेटीत त्यानं काहीतरी विनोद केला होता आणि ताई इतकी खळखळून हसली होती की चहा नाकातून आला होता. "मीच फिदीफिदी हसले," ती म्हणायची. "कोण घेईल असली बाई." त्यानंतर हसताना ती तोंडावर हात धरू लागली. पुढे तेही थांबलं. वडिलांना तिनंच सांभाळलं, मागच्या हिवाळ्यात ते गेले तोवर.

धाकटीनं काचा घासल्या, धुतल्या, उजेडाला धरल्या. एकही ओरखडा नाही. आणि तिला काहीही वाटलं नाही. लाज नाही, दुःख नाही. हात धुताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच वाटलेलं नाही, आणि तेवढ्याचीच तिला जरा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती घसाकाकांपुढे उभी राहिली. सगळं सांगितलं. "पण काका, आतून काही होत नाही. पश्चात्ताप म्हणतात तो होतच नाही. चालेल?"

काका खाकरले. "होण्याची वाट बघत बसलीस तर वर्ष निघून जाईल. आधी तिच्याकडे जा. काय केलंस ते स्पष्ट सांग. 'काही चुकलं असेल तर' असलं गुळमुळीत चालत नाही."

"तिला माहीतच नाही काका. सांगितलं तर नव्यानं दुखेल."

काकांनी मफलर सारखा केला. "यावर मोठमोठ्यांची मतं वेगळी आहेत," ते म्हणाले. "पण मी म्हणतो, सांग."

बघ. तुझ्या मोठमोठ्यांचं एकमत नाही, आणि जायचं मात्र धाकटीनं.

ताई दवाखान्यात कामाला होती, मलमपट्टीचं कापड आणि हत्यारं वाफेवर निर्जंतुक करण्याच्या खोलीत. संध्याकाळी घरी ती दुसऱ्या दिवशीचा एप्रन इस्त्री करत होती तेव्हा धाकटीनं सांगितलं. उभ्या उभ्या, चार वाक्यांत. ताईची इस्त्री थांबली. मग कापड जळू नये म्हणून तिनं ती उचलून उभी ठेवली.

"नेमकं काय म्हणालीस? शब्द सांग."

"सोन्यासारखी आहे. ते झटके येतात तेवढे सोडले तर."

"'तेवढे सोडले तर'," ताई म्हणाली. "छान जमलं तुला. कुणालाही पटेल." इस्त्रीचं बटण बंद करून म्हणाली, "म्हणजे मी हसले म्हणून नाही."

"नाही."

"बरं."

"ताई, मला माफ कर."

"नाही," ताई म्हणाली. आणखी चहा नको म्हणावं तसं.

"रागावलीस?"

"नाही ग. शोधतेय. आत काही सापडत नाही. माफ म्हणायचं तर काहीतरी हलायला हवं ना? हललंच नाही तर कसं म्हणू? खोटं एकदा तू बोललीस, ते घराला पुरे."

मग दोघी जेवल्या. ताईनं ताटं विसळली, धाकटीनं पुसली.

नियम असा की पहिल्यांदा नकार मिळाला तर पुन्हा जायचं, आणि तेव्हा सोबत तीन माणसं न्यायची. दहा दिवसांनी धाकटी तिघांना घेऊन निघाली. घसाकाका, सिनेगॉगच्या किल्ल्या सांभाळणारी चावीवाली, आणि फ्रिज दुरुस्तीतून निवृत्त झालेला लंबू. दारापाशी येताच धाकटीनं सवयीनं पर्समधून किल्ली काढली.

"अगं, किल्ली काय काढतेस!" काका म्हणाले. "माफी मागायला आलोय आपण. बेल वाजव."

धाकटीनं आपल्याच दाराची बेल वाजवली. ताईनं दार उघडून चौघांना पाहिलं. "किल्ली हरवलीस?"

"ताई, मी माफी मागायला आलेय."

"मग चपला काढ. आत्ताच पुसलंय."

खुर्च्या तीनच. लंबू भिंतीला टेकून उभा राहिला. धाकटी म्हणाली, "मी तुझा अपराध केला, मला माफ कर." चावीवालीनं मान पुढे काढली. "कशाबद्दल ग?"

"सांग त्यांना," ताई म्हणाली. "आणलंच आहेस तर ऐकू देत."

धाकटीनं सांगितलं. चावीवाली "अरे देवा" म्हणाली. ताईनं तिघांकडे एकेकदा पाहिलं आणि म्हणाली, "नाही. अजून काही हललं नाही." मग सगळ्यांना पाणी दिलं.

पुढच्या शनिवारी चावीवालीनं ताईसाठी कडेची जागा राखून ठेवली. दारापाशी, वाऱ्यावर. "इथेच बस हो. चक्करबिक्कर आली तर बरं पडतं." मागच्या ओळीत कुणीतरी कुणाला विचारलं, पण खरंच येत नाहीत का झटके, की आता पांघरूण घालताहेत? दोन बायकांनी प्रार्थना संपल्यावर ताईचा हात धरून तिला पायऱ्या उतरवल्या. तिनं उतरवून घेतलं.

घरी येऊन ताईनं बूट काढले. "तेव्हा एका बाईला सांगितलं होतंस," ती म्हणाली. "आता सगळ्यांना. प्रगती आहे."

धाकटीला यावर रडू यायला हवं होतं. ती थोडा वेळ थांबूनही राहिली. मग दूध तापायला ठेवलं.

तिसरी खेप नव्या वर्षाच्या आदल्या दुपारी. त्या दिवशी सकाळी शिंग वाजत नाही. महिनाभर रोज वाजलेलं शिंग त्या एका दिवशी गप्प ठेवतात. कारखाना अर्ध्या दिवसावर सुटला होता. पुन्हा तेच तिघे, पुन्हा बेल. या वेळी ताईनं शेजारून एक खुर्ची आणून ठेवली होती, लंबूसाठी.

"बोल," ताई म्हणाली.

"ताई, मला माफ कर."

काका बराच वेळ खाकरले. "ताई, समजून घे. ही तिसरी वेळ. आज नाही म्हणालीस तर ही मोकळी होते. नियमानं तिनं करायचं ते केलं. मग दोष तुझ्याकडे येतो. माफ न करणारा निष्ठुर ठरतो, असं लिहिलंय. उद्या नवं वर्ष आहे, तिथे देवापुढे उभं राहायचंय आपल्याला. एक शब्द तर बोलायचा आहे."

"बोलून टाक ना ताई," लंबू म्हणाला. "तोंडानं म्हणायला काय जातंय?"

"तिचंही काही गेलं नव्हतं तोंडानं म्हणायला," ताई म्हणाली.

"काका, मी महिनाभर प्रयत्न केला," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पट्ट्यांचे डबे वाफेवर चढवते, तासभर थांबावं लागतं. रोज त्या तासात बसून म्हणून बघितलं. माफ, माफ, माफ. पण शब्द असतो नुसता. तुम्ही म्हणाल तर तो शब्द देते. पण तो माफी नसेल आणि तुम्ही माफी म्हणून घेऊन जाल. मग माझ्यात आणि हिच्यात फरक काय राहिला? नाही. मला येत नाही."

काकांनी मफलर सोडला आणि पुन्हा गुंडाळला. उठून धाकटीकडे वळले. "तू मोकळी," ते म्हणाले. ताईकडे त्यांनी पाहिलं नाही. तिघे गेले.

धाकटी खुर्चीवर बसून राहिली. मोकळं झाल्यावर काहीतरी होत असेल, छातीवरचं काहीतरी उतरत असेल, असं तिला वाटलं होतं. काही उतरलं नाही. छातीवर काही नव्हतंच.

"ताई, मी काकांना सांगते. मला नको ते मोकळं होणं. तुझ्यावर दोष नको."

"काका काय करणार? ते थोडेच दोष देतात." ताई कपाटातून पांढरा पोशाख काढत होती. "ऊठ, तोंड धू. प्रार्थनेला उशीर झाला तर चावीवाली मला आधार द्यायला रस्त्यापर्यंत येईल."

तरी धाकटीनं सिनेगॉगच्या अंगणात काकांना गाठलंच. "काका, ताई निष्ठुर नाही. तिनं फक्त खोटं बोलायला नकार दिला."

"मला कळत नाही का ग," काका म्हणाले. शिंगाची पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. "पण ते ठरवणं माझ्या हातात नाही. वर विचार."

म्हणून ती आता विचारते आहे. सूर्य मावळला, नवं वर्ष लागलं, प्रार्थना सुरू झाली आहे. ताई दारापाशी, कडेच्या जागेवर उभी आहे. तिच्या हातात पुस्तक उघडं आहे आणि ओठ मिटलेले आहेत, कारण जी ओळ मनात उतरत नाही ती म्हणायची तिनं सोडून दिली आहे. धाकटी तिच्या शेजारी उभी आहे. नियमानं मोकळी, स्वच्छ, घासलेल्या काचेसारखी, आणि आत तेवढीच गार. सगळे एका सुरात छापलेलं वाचताहेत. धाकटीनं तिचं पुस्तक मिटलं आहे आणि ती आपल्या शब्दांत, साध्या बोलण्याच्या आवाजात विचारते आहे. पुढच्या ओळीतल्या बायका वळून बघताहेत.

जिनं खोटं सांगितलं ती सुटली. जिनं खोटं सांगायला नकार दिला ती अडकली. हा नियम तुझा आहे ना? मग ताईनं काय चुकीचं केलं ते सांग. माणसांच्या खिडकीवर परत पाठवू नकोस, तिथे धाकटी तीनदा जाऊन आली आहे. तू बोल.