वेंकूअक्काची रसवांगी

सुप्रभाचा फोन धडधाकट होता. मेली होती ती बॅटरी. वायर लावली की चालायचा, काढली की मान टाकायचा. तेवढी बदलून घ्यायला ती राजवाड्याजवळच्या कंपनीच्या दुकानात आली, तर काउंटरवरच्या सुरेंद्रने सांगितलं की बॅटरी बदलताना आतलं सगळं पुसावं लागतं, कंपनीचा नियम आहे. त्यापेक्षा नवाच घ्या अम्मा, आजच आलाय, कॅमेरा तरी बघा.

कॅमेरा घाला चुलीत. त्या फोनमध्ये वेंकूअक्का होती.

ही थोरली बहीण गेल्या वर्षी गेली. तंजावूरच्या मराठी घरांत मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारं माणूस शोधावं लागतं. म्हणून स्वयंपाक वहीत नाही, तोंडात राहतो. अंथरुणाला खिळल्यावर अक्काने रसवांगी, उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी, सगळ्या कृती फोनमध्ये बोलून ठेवल्या होत्या, मधूनमधून सुप्रभाच्या हाताला नावं ठेवत.

सुप्रभाने खुर्ची ओढली, दुकानाच्याच विजेला फोन लावला आणि रसवांगी अक्काच्या लेकीला, हरिताला, पाठवली. हरिताचा फोन दुसऱ्या कंपनीचा. उत्तर आलं, मावशी, उघडत नाही.

सुरेंद्रने समजावलं की आमच्या रेकॉर्डरमधलं फक्त आमच्याच फोनवर उघडतं.

"माझ्या बहिणीचा आवाज तुझ्या कंपनीच्या मालकीचा कधी झाला रे?" सुप्रभाने विचारलं.

भांडणाचा वास लागून समोरच्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या दुकानातला सतीशकुमार रस्ता ओलांडून आला. त्याचा फोन म्हणे मराठी ऐकून लिहूनही देतो. सुप्रभा एक वाक्य बोलली. पडदा देवनागरीने भरला. सतीशकुमार अभिमानाने हसला, सुरेंद्रचं तोंड पडलं, आणि तिघांपैकी एकालाही एक अक्षर वाचता येत नव्हतं.

"आम्ही मराठी लिहिलीच तर तमिळ अक्षरांत," सुप्रभा म्हणाली. "हे बरोबर की चूक, तुला कळत नाही, मलाही नाही. ते राहू दे. तुझ्या फोनमधलं रेकॉर्डिंग याच्या फोनवर उघडेल?"

सतीशकुमारने फोन खिशात घातला आणि तो दाराकडे सरकला.

असे हे वैरी. जाहिरातीत एकमेकांचे गळे धरतात, पण गिऱ्हाईकाला कोंडायचं म्हटलं की सख्खे भाऊ. आपण काय मागतो? बॅटरी बदलता यावी, आणि आपलं आहे ते आपल्याला बाहेर काढता यावं. एवढंच मागायला लाज वाटावी म्हणून तर तो कॅमेरा नाचवतात.

सुप्रभाला लाज वाटली नाही. तिने हरिताला फोन घेऊन बोलावलं. हरिता स्कूटरवरून आली, आपला फोन मावशीच्या फोनशेजारी ठेवून रेकॉर्डिंगला लावला. मग सुप्रभाने सुरेंद्रला गाणी बंद करायला सांगितलं. नव्या फोनचा पहिला दिवस, दुकान माणसांनी भरलेलं, मॅनेजर रागावेल, असं तो म्हणाला.

"रागावू दे. गाणी बंद कर, नाहीतर मी यांना सांगते मी इथे का बसलेय."

गाणी थांबली. वेंकूअक्का बोलू लागली. चिंच कमी घाल, वांगं आधी वेगळं शिजव, आणि सुप्रभा, तू घाईने सगळं बिघडवतेस. भाषा न कळणारी माणसंही जवळ सरकली. एका बाईने हळूच विचारलं, हे काय चाललंय. सुप्रभाने तमिळमध्ये सगळं सांगितलं. त्या बाईने हातातलं नव्या फोनचं खोकं काउंटरवर परत ठेवलं आणि सुरेंद्रलाच विचारलं, याचंही असंच का?

सुरेंद्र मॅनेजरला शोधायला आत गेला. सतीशकुमार केव्हाच सटकला होता.

एकेक करत सगळं हरिताच्या फोनमध्ये उतरलं. हरिताने आपल्या फोनवर पुन्हा लावून बघितलं. अक्का तिथेही तितकीच तिखट बोलत होती. सुप्रभाने वायर काढली, मेलेला फोन काउंटरवर ठेवला. सुरेंद्र बाहेर आला तो हातात जुन्याच्या बदल्यात नवा फोन देण्याचं पत्रक घेऊन.

"ते ठेव," ती म्हणाली. "आता पूस काय पुसायचं ते. बॅटरी घाल. हाच फोन मी वापरणार."

आणि बॅटरी बसेपर्यंत ती त्या खुर्चीवरून उठली नाही.