सत्त्याण्णव टक्के खरं सांगणारं यंत्र

निरगुडसरच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी लग्न नव्हतं, तरी चपलांचा ढीग फाटकापर्यंत आला होता. स्टेजवर, नवरा-नवरीच्या लाल खुर्च्यांच्या मधोमध, एक लॅपटॉप हार घालून बसला होता. शेजारी ऋषी सर. मे महिन्यात कोट घालणारा माणूस विद्वानच असणार, यावर गावाचं एकमत झालं होतं.

"मायबापहो, हे यंत्र बिबट्याच्या मनातलं ओळखतं!"

आंबेगाव तालुक्यात एवढं वाक्य पुरतं. इथं बिबट्या उसात राहतो आणि माणसं उसाच्या कडेला. महिनाभर सर दहा वस्त्यांना रोज सकाळी मोबाईलवर निकाल पाठवत होते, आज बिबट्या दिसणार की नाही. तीनशे निकालांपैकी दोनशे एक्क्याण्णव खरे ठरले. स्टेजमागच्या पडद्यावर '९७ टक्के' झळकलं आणि टाळ्यांनी पत्रे हादरले.

"लई भारी, राव!" मागून कोणीतरी ओरडलं.

"आणि याला गणित किती लागलं? शून्य! बीजगणित, संभाव्यता, सगळी मनाची भीती. डेटा को महसूस करो! आमच्या 'गणितमुक्त एआय' वर्गात मुलं डोळे मिटून डेटा अनुभवतात."

डोळे मिटण्याचा भाग तेवढा खरा असावा.

पहिल्या रांगेतल्या भिमाजीनं मोबाईल काढला. शेजारी बसलेली त्याची मुलगी वृषाली नुकतीच दहावी झाली होती. तिला हव्या त्या कॉलेजात अकरावीला मशीन लर्निंगचा, म्हणजे यंत्राला शिकवण्याचा, वर्ग होता, त्याला गणित सक्तीचं. अर्जाची मुदत आज पाचपर्यंत.

"वृषे, गणित काढून टाकू अर्जातनं. सर म्हणत्यात, लागत न्हाई. ह्यांच्याच वर्गाला जा."

"अण्णा, थांबा. सरांना एक विचारते."

"भरल्या सभेत? गप बस!"

पण ती उभी राहिली होती.

"सर, महिन्यात बिबट्या खरोखर किती वेळा दिसला?"

"फक्त नऊ वेळा, बेटा."

"त्या नऊ वेळी यंत्र काय म्हणालं होतं?"

सर पाणी प्यायले. "त्या दिवशी वातावरणात निगेटिव्ह एनर्जी..."

"न्हाई म्हणलं व्हतं," खांबाला टेकलेल्या प्रयागबाई बोलल्या. "माझी शेळी नेली त्या दिशी बी 'न्हाई'च. मला वाटलं, यंत्र कसं चुकंल? बिबट्याच चुकून आला आसंल."

"सगळ्यांनी आपापले निकाल बघा बरं," वृषाली म्हणाली.

शेदीडशे अंगठे पडद्यांवर फिरले. प्रत्येक निकालावर ओझरच्या विघ्नहराचा फोटो होता. लोकांनी रोज हात जोडले होते, पुढच्या चार जणांना पाठवलं होतं आणि मोबाईल खिशात टाकला होता. खाली सलग तीस दिवस एकच शब्द आलाय, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दहाही वस्त्यांना, तीनशेच्या तीनशे वेळा: नाही.

वृषालीनं कोपऱ्यातलं मिठाईचं रिकामं खोकं उचललं, त्यावर पेनानं 'नाही' लिहिलं आणि लॅपटॉपशेजारी ठेवलं.

"हे माझं यंत्र. हेसुद्धा दोनशे एक्क्याण्णव वेळा बरोबर. बिबट्या रोज येत नाही, म्हणून रोज 'नाही' म्हणणारा कोणीही सत्त्याण्णव टक्के खरा ठरतो. विचारायचं ते हे, की आला तेव्हा किती वेळा ओळखला? नऊपैकी शून्य."

"बेटा, ही झाली पुस्तकी थिअरी!"

"टक्केवारी झाली, सर. शाळेतच शिकवतात."

भिमाजी स्टेजवर चढला आणि त्यानं लॅपटॉप फिरवला. पडद्यामागची फाईल उघडीच होती. एक लांबलचक रकाना, वरपासून खालपर्यंत 'नाही'.

"ह्याच्या भरवशावर मी सोमवारी पोरीला उसातनं एकटी धाडली व्हती. हार काढा रं त्याचा!"

हार निघायच्या आत सर निघाले. साडेचारला भिमाजीनं तिथंच, पायरीवर बसून, अर्ज भरला. गणित ठेवलं. दोन पालकांनी मात्र जाताना हळूच विचारलं, सरांचा वर्ग आता कुठं भरणार?

त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे. यंत्राला शिकवायचं असेल, तर पोरांना आधी टक्केवारी, सरासरी, आलेख, संभाव्यता शिकावी लागेल, वहीत, डोळे उघडे ठेवून. गणित सोडून जी पोरं यंत्राकडं जातील, त्यांना यंत्र काय म्हणतंय ते कळणार नाही. ते खोटं बोललेलंही कळणार नाही. तेव्हा कोणी मोठा आकडा दाखवला, की टाळी वाजवण्याआधी दोन्ही हात मोकळे ठेवून एवढंच विचारा: कशापैकी किती?